प्रवासात हुकलेला फोटो: तुमचे अनुभव

माळा आवरताना निगेटिव्हची पाकिटं सापडली. एकावर पेनाने 'ह. गड ९८', म्हणजे हरिश्चंद्रगड. ट्यूबलाइटसमोर पट्टी धरली, तर अकरा फ्रेम नुसत्या शेळ्या! तोलार खिंड चढताना मागे लागल्या होत्या. बाकीचा रोल केदारेश्वराच्या गुहेत, कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहून त्या एकुलत्या शाबूत खांबाशेजारी प्रत्येकाने काढून घेतलेला. ३६ संपले. दुसऱ्या सकाळी कोकणकड्यावर ऊन पाठीवर, खाली दरीभर धुकं, आणि धुक्यात गोल इंद्रधनुष्य. मधोमध माझीच सावली. मी हात हलवला, तिनेही हलवला. ह्यालाच इंद्रवज्र म्हणतात. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३५ साली ते इथे पाहिल्याची नोंद आहे. कॅमेरा त्याच्याकडेही नव्हता, तेवढंच समाधान. पुढे फोटोग्राफी पोटापाण्याची झाली, पण तो फोटो काही परत मिळाला नाही. तुमचे सांगा.

—

रोल संपला तरी बरा म्हणायचा. आमचा कॅमेऱ्यात अडकलाच नव्हता! लग्नानंतरचं अख्खं महाबळेश्वर, काउंटर ३८ वर गेला तेव्हा शंका आली. लिव्हर ओढताना डावीकडची चकती फिरते का ते बघायचं असतं, हे स्टुडिओवाल्याने नंतर सांगितलं. सासूबाई अजून म्हणतात, गेला होतात ना नक्की?

—

😂😂 सासूबाई!

—

हरिश्चंद्रगड पाचनई गावाकडून सोपा पडतो का हो? मुलगा ९ वर्षांचा आहे.

—

हो, पाचनईच. नळीची वाट (कड्याकडून चढणारी अवघड वाट) चुकूनही नको. गडावर पिठलं-भाकरी मिळते, डबा नेऊ नका.

—

माझा हुकलेला नाही, छापून आलेला. भंडारदऱ्याचे काजवे. लोक विचारतात, एवढे असतात? नसतात हो. ट्रायपॉड लावून तासभर घेतलेल्या फ्रेम एकावर एक चढवल्यात. कोणीतरी तो बघून मुलांना घेऊन गेलं आणि मुलं म्हणाली, बाबा, कमी आहेत. तेव्हापासून खाली तसं लिहितो.

—

कासला फुलांवर लोळून फोटो काढणारे आठवले. असो, विषय नाही. भाजी करपतेय, आले.

—

दिवे घाट, वारी. एका आजोबांचा फोटो काढला, लेन्स जवळ नेली तरी हलले नाहीत. झाल्यावर म्हणाले, "माऊली, घरी पाठवाल ना?" हो म्हटलं. पत्ता विचारेपर्यंत दिंडी पुढे. पुढची तीन वर्षं प्रिंट खिशात घेऊन त्याच वळणावर उभा राहिलो.

—

भेटले का?

—

नाही. त्यांच्याच दिंडीतल्या एकाने ओळखलं, म्हणाला, देतो नेऊन. दिला.

—

😢🙏

—

पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते त्यावर कोणी सांगा. सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवते, पण डबा तांदळाचा असल्यामुळे आई दर वेळी कॅमेरा बाहेर काढून तांदूळ भरते.

—

डब्यावर नाव घाला 😄

—

नाव आहे. 'तांदूळ'.

—

ताई, निगेटिव्ह फोनवर पांढरा स्क्रीन लावून त्यावर ठेवा, थोडं वर उचलून, नाहीतर ठिपके दिसतात. दुसऱ्या फोनने फोटो, मग रंग उलटे करा. शेळ्या टाका इथे!

—

टाकते रात्री. अकराच्या अकरा.