पाच तारे म्हणजे यशाची हमी का?

प्रश्न : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये शालेय खेळाडूंना तारे देऊन जे मानांकन केले जाते, त्यावरून पुढील यशाचा अंदाज खरोखर बांधता येतो का? पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेल्या जे. जे. वॉटला पाचपैकी दोनच तारे होते, म्हणून शंका येते.

उत्तर १ : वॉटचे उदाहरण खरे असले तरी दिशाभूल करणारे आहे. एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात, हे धरून एक प्रमुख संकेतस्थळ दरवर्षी साधारण तेवढ्याच खेळाडूंना पाच तारे देते. दोन-तीन ताऱ्यांचे खेळाडू मात्र इतके असतात, की त्यांच्यातून काही नामवंत निघणारच. शेकडा प्रमाण पाहावे, म्हणजे पंचतारांकितांचे पारडे फारच जड दिसते.

उत्तर २ : संघांच्या बाबतीतही तेच. २०२२ च्या हंगामात टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) या संघाने तुलनेने कमी ताऱ्यांच्या खेळाडूंच्या भरतीवर अंतिम फेरी गाठली खरी, पण तिथे जॉर्जिया विद्यापीठाच्या संघाने त्यांना ६५–७ असे चिरडले.

उत्तर ३ : सहमत आहे; तरीही अलाबामासारख्या बलाढ्य विद्यापीठ संघाने शिष्यवृत्ती देऊ केली की मानांकन करणाऱ्यांचेही त्या खेळाडूकडे लक्ष जाते, त्यामुळे हे तारे काही अंशी प्रशिक्षकांच्याच पारखीचा पडसाद असावेत, असे मला वाटते. क्वार्टरबॅकचा, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणाऱ्या खेळाडूचा, अंदाज तर विशेष अवघड : शिष्यवृत्तीविना ओक्लाहोमा विद्यापीठात आलेल्या बेकर मेफील्डने सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक २०१७ मध्ये जिंकला. शिवाय २०२१ पासून संघ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावे लागत नाही, त्यामुळे शालेय भरतीच्या क्रमवारीवरून संपूर्ण संघाची ताकद आता पूर्वीइतकी कळत नाही.