पावसाळ्यात फुटबॉलच्या पोरांनी बारबेल उचलावा का?

राइट बॅक: कोल्हापुरात सीझन संपला की पाऊस सुरू आणि पोरं घरात. मग नव्या सीझनच्या पहिल्याच काही मॅचमध्ये कुणाची ना कुणाची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, जाते. माझं स्पष्ट मत आहे, या महिन्यांत वेट ट्रेनिंग झालंच पाहिजे. स्क्वॉट, लंजेस, रोमेनियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कंबरेतून वाकत बार खाली-वर नेणं). आधी हलकं वजन, १०-१२ रेप्स, म्हणजे एका दमात तितक्या वेळा. मग वजन वाढवत ५-६ वर यायचं. मॅच सुरू झाल्या की ताकद टिकवता येते, वाढवायला सवड कुठली?

लाल माती: अजिबात पटत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, आपल्या या सगळ्या फुटबॉल संघांच्या नावात तालीम आहे ती उगाच नाही. जोर-बैठकांनी मांड्या आणि कंबर घडते, अंगही मोकळं राहतं. जिमची पोरं बघा. छाती-दंड फुगलेले, आणि कडेनं पळणारा विंगर आत वळला की यांना वळायलाच वेळ लागतो.

राइट बॅक: काका, अंग वजनानं नाही आखडत, अर्धवट रेप्सनं आखडतं. झेपत नाही एवढं बारवर चढवायचं आणि मांडी समांतर व्हायच्या आतच वर यायचं, हे सगळीकडे चाललंय. वजन उतरवून पूर्ण खाली गेलं की स्नायू ताणलेल्या अवस्थेत काम करतो. अशा पूर्ण पल्ल्याच्या व्यायामानं लवचिकता जवळपास स्ट्रेचिंगइतकीच वाढते, हे अभ्यासांत दिसलंय. बैठकांबद्दल आदर आहेच, पण ज्याच्या शंभर सहज निघतात त्याला आणखी पन्नास मारून दम येईल, ताकद नाही.

फिजिओताई: हॅमस्ट्रिंगसाठी नॉर्डिक करा. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे घट्ट धरायचे, कंबर न मोडता अंग जमेल तितकं सावकाश पुढं सोडायचं. फिफाच्या '११+' वॉर्मअपमध्येही हा आहे. नियमित करणाऱ्या संघांत या दुखापती साधारण निम्म्यावर आल्यात. सुरुवातीला ५-५ चे दोनच सेट, नाहीतर दोन दिवस जिना उतरताना जीव जाईल.

लाल माती: ताई, हे उद्यापासून तालमीत सुरू करता येईल. पण यात बारबेल कुठं आहे? माझा राग जिमवर आहे. ट्रेनर बॉडीबिल्डिंगचा, पोरगं सतरा वर्षांचं, पाठीला बाक काढून डेडलिफ्ट मारतंय आणि बाजूचे ओरडतायत, "अजून एक!" पाठ गेली तर बघणार कोण?

शिफ्टवाला मिडफिल्डर: मी शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. आठवड्याला दोनच दिवस जमतात. उपयोग होईल का?

राइट बॅक: भावा, नक्की होईल. दोन्ही दिवस पाय घे, दंड राहू देत. पाऊस उघडला की आधी स्प्रिंट, मग वजन. आणि काका, पाठीचं तुमचं खरं आहे. डेडलिफ्ट शिकवणारा नसेल तर करूच नये. पण म्हणून स्क्वॉटही सोडायचा?

लाल माती: तालमीत रॅक आणि बार आणा, वस्तादांसमोर उचला, मग मी आडवा येणार नाही. जिमला माझी हरकत कायम.