माय ओट्यावरूनच कानबाईला हात जोडत होती

अमळनेरची लेक
माझी माय गेली त्याला येत्या चैत्रात दोन वर्षं होतील. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. पाळी जाऊन तिला दहा वर्षं झाली होती. त्या श्रावणात घरी कानबाईचे रोट होते, आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. पुरण दरवर्षी तिच्याच हातचं असायचं. त्या वर्षी वहिनीला म्हणाली, "तूच कर, मना गुडघा दुखस." कानबाईपुढे आलीच नाही, ओट्यावरूनच हात जोडले. तिला अंगावरून लाल जात होतं, म्हणून ती शिवत नव्हती. लुगड्याच्या घड्या ती पऱ्हाट्यांच्या गंजीआड वाळत घालायची. वहिनीला त्या दिसल्या होळीच्या सुमारास. तोवर आजार फार पुढे गेला होता.

आता माझं. वय ४१, त्रास काही नाही. आशाताई सांगून गेल्या की गुरुवारी उपकेंद्रात या कॅन्सरची तपासणी आहे. जाऊबाई म्हणतात, आपलं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, आपल्याला काय होणार? मुलगी १३ वर्षांची आहे. तिला याची लस द्यावी असं मला वाटतं, पण घरात "लग्नाआधी कशाला?" असं चाललंय. हा आजार आईकडून लेकीला येतो का?

यावलची सिस्टर
ताई, वाचून पोटात तुटलं. पाळी गेल्यावर परत लाल दिसलं की आमच्याकडच्या बायका "उष्णता झाली" म्हणून सब्जा खातात. असं एकदा जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये जाणं, वास येणारं पाणी जाणं, हेही तसंच.

आईकडून येणारा हा आजार नव्हे. एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो आणि तो संबंधातून येतो. यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही होतो. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. काहींच्यात मुक्काम करतो आणि तिथली कातडी बदलत जाते. कॅन्सर व्हायला त्यानंतर बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. ही वर्षं आपल्या हातात असतात, आणि नेमका तेव्हाच काही त्रास नसतो. म्हणून तपासणी धडधाकट बाईची करायची.

जाऊबाईंना सांगा, ऑपरेशनमध्ये नळ्या बंद करतात. गर्भपिशवीचं तोंड जागेवरच असतं.

गुरुवारी काय होईल तेही सांगते. आडवं झोपायचं. कापसाच्या बोळ्याने सौम्य ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखं पाणी, पिशवीच्या तोंडाला लावतात. किंचित चुरचुरतं. एक मिनिट थांबून बॅटरीच्या उजेडात बघायचं. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी, एवढंच. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. पाळी चालू असताना मात्र जाऊ नका. पुढे दर पाच वर्षांनी करायची.

तपासणीने जीव वाचतात हे आपल्याच राज्यात पडताळून पाहिलंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांच्या अभ्यासाचे निकाल २००९ साली आले. जिथे एकदाच एचपीव्हीची तपासणी (ही वेगळी, थेट विषाणू शोधणारी) झाली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते.

लेकीची लस लग्नाआधीच द्यायची असते. विषाणू एकदा आत शिरला की लस त्याला काढू शकत नाही. ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरा पूर्ण झाल्यावर आपल्याकडे सहसा तीन देतात, म्हणून आत्ताच घ्या. पुण्याच्या सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ पासून मिळते. या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के विषाणूच्या ज्या दोन प्रकारांमुळे होतात, त्या १६ आणि १८ नंबरच्या प्रकारांपासून ही लस वाचवते. उरलेल्या प्रकारांसाठी लेकीलाही तिशीनंतर तपासणी लागेलच.

तापीकाठ
मला डाग निघाला होता. रात्रभर पोरांकडे बघत बसले. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीने बघितलं आणि गरम टोकाच्या यंत्राने तेवढीच जागा शेकली. पाळीत दुखतं तितकं दुखलं, त्याच दिवशी बसने घरी आले. महिनाभर पाणी जात होतं, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं.

चाळीसगावकर
सिस्टर, माझ्या बायकोला पांढरं जातं. एका ठिकाणी "पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल" असं सांगितलं. वय ३४. पैशांची जुळवाजुळव चालू आहे.

यावलची सिस्टर
दादा, थांबा. पांढरं जाणं बऱ्याचदा साधंच असतं, नाहीतर जंतुसंसर्गाचं, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. आधी ही तपासणी करा, आणि सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घ्या. नुसत्या भीतीपोटी चौतिसाव्या वर्षी पिशवी काढू नका.

अमळनेरची लेक
जाऊन आले. डाग नाही. सिस्टर म्हणाल्या तसंच, मिनिटभराचं काम. माय त्या टेबलावर एकदा जरी झोपली असती, हेच डोक्यात होतं. मुलीचा पहिला डोस सोमवारी आहे, तिचे पप्पा स्वतः घेऊन जाणार आहेत. जाऊबाई दारापर्यंत आल्या होत्या, पण सकाळीच पाळी आली म्हणून मागे फिरल्या. पुढच्या गुरुवारी त्यांना घ्यायला मीच जाणार आहे.