टाचेमागची नस पाच महिने दुखतेय, वय ६२, डब्लिन मॅरेथॉन आठ आठवड्यांवर... पळू का थांबू?

सातारकर_डब्लिन

नमस्कार मंडळी. मी मूळचा साताऱ्याचा, गेली २१ वर्षं डब्लिनला असतो. पळायला लागलो पंचेचाळिशीत, शुगर बॉर्डरला आलेली म्हणून, आणि मग सुटलंच नाही. इथली मॅरेथॉन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असते, माझ्या ११ झाल्यात, यंदा १२ वी.

एप्रिलपासून उजव्या पायाची टाचेमागची नस (अकिलीस) धरलीय. टाचेच्या हाडापासून चार बोटं वर, चिमटीत धरली की डाव्या पायापेक्षा जाड लागते. सकाळी उठल्यावर पहिली दहा-पंधरा पावलं भिंत धरूनच, बेडरूमपासून किचनपर्यंत जिना आहे तो एकेक पायरी करत उतरतो, चहाचं आधण उकळेपर्यंत जरा सुटतं. मग फिनिक्स पार्कात जातो, पहिले दोन किलोमीटर दुखतं, नंतर गरम झालं की कळतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजासकट परत. खैबर रोडचा चढ (हो, पार्कात खरंच या नावाचा रस्ता आहे) आता सोडूनच दिलाय. याआधी डावा गुडघा, दोनदा पोटरी, एकदा तळपाय, सगळं होऊन गेलंय पण दीड-दोन महिन्यांत सुटायचं, हे पाच महिने झाले तरी हटत नाहीये. मला वाटतं नवीन शूजमुळे झालं असावं. बाकी तब्येत ठीक, मार्चमध्ये लघवीचं इन्फेक्शन झालेलं, ते आठवडाभर अँटिबायोटिक घेऊन गेलं.

दुसरी गोष्ट, तुम्हाला फालतू वाटेल पण माझ्यासाठी नाही. मी आयरिश संगीतात टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) वाजवतो, १० वर्षं झाली. स्मिथफील्डला कॉबलस्टोन नावाचा पब आहे, तिथे पहिल्यांदा सेशन ऐकलं आणि मला थेट आमच्या आळीतलं भजनी मंडळ आठवलं, वडील तिथे मृदंग वाजवायचे. तसंच गोल करून बसायचं, समोर कागद नाही, एकाने चाल धरली की ज्याला येते तो मिसळतो, प्रत्येक तुकडा दोनदा, अख्खी चाल तीनेकदा फिरवायची आणि न थांबता पुढचीत शिरायचं. तर दर गुरुवारी एका पबात तीन तास बसतो, फरशी दगडी, आणि माझा उजवा पाय टाचेने ताल धरतो, तीन तास, न विचारता. शुक्रवारची सकाळ आठवड्यातली सगळ्यात वाईट. पळणं कमी करीन एकवेळ, पण गुरुवार नाही सोडवत. कोणी यातून गेलंय का? आणि मॅरेथॉनचं काय करू?

फिजिओ_नाशिक

काका, मी फिजिओ आहे, २० वर्षं हेच करते, त्यामुळे आधी एक प्रश्न विचारते आणि त्याचं उत्तर मिळेपर्यंत प्लीज पळू नका. मार्चमध्ये घेतलेलं अँटिबायोटिक कोणतं होतं? सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन असं काही? या गटाच्या गोळ्यांनी स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर, तुम्ही नस म्हणताय तेच) कमकुवत होऊ शकतात, सगळ्यात जास्त अकिलीसच, आणि साठीच्या पुढे धोका वाढतो, सोबत स्टेरॉइड घेतलं असेल तर आणखी. गोळ्या चालू असतानाच होतं असंही नाही, काही महिन्यांनीही होऊ शकतं.

बाकी, तुम्ही सांगताय ती जागा आणि सकाळची आखड बघून हे नसेच्या मधल्या भागाचं दुखणं वाटतंय, पण न बघता नक्की सांगणार नाही. गरम झाल्यावर दुखणं जातं म्हणून नस बरी आहे असं समजू नका, सगळे तिथेच फसतात. खरं माप दुसऱ्या दिवशीची सकाळ.

घाटपळू

सातारकर, मी ६६ वर्षांचा, साताऱ्यातच असतो, यवतेश्वरचा घाट आठवड्यातून दोनदा. ताईंचं ऐका हो. मी पोटरी दुखत असताना हाफ मॅरेथॉन पळालो २०१९ ला, बक्षीस नाही काही नाही, नुसतं बिब (छातीवर लावायचा नंबर) घेतलंय म्हणून, १७ व्या किलोमीटरला मागून कोणीतरी दगड मारल्यासारखं झालं, वळून बघितलं तर मागे कोणीच नाही. ११ आठवडे बसून. बायको पायाला शेक देता देता काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तुम्ही एड व्हिटलॉक वाचलाय का? कॅनडाचा. ७३ व्या वर्षी २ तास ५४ मिनिटांत मॅरेथॉन, २००४ ला. त्याचेपण गुडघे दुखायचे, तेव्हा तो सरळ थांबायचा, महिनोनमहिने, आणि परत यायचा. ८५ व्या वर्षी ३ तास ५६ मिनिटं! घराजवळच्या स्मशानभूमीत गोल गोल पळायचा. मी त्याचं पळणं कमी आणि थांबणं जास्त शिकलोय असं म्हणा.

सातारकर_डब्लिन

ताई, पाकीट ड्रॉवरमध्येच होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन. सात दिवस. पाय दुखायला लागला तो गोळ्या संपल्यावर साधारण दोन आठवड्यांनी, आत्ता कॅलेंडर काढून बघितलं. शूज तर त्यानंतर घेतले होते. खरं सांगू, हात गार पडले वाचून. एवढे महिने मी शूजला दोष देत होतो.

फिजिओ_नाशिक

घाबरू नका काका, पूर्ण फाटलेली असती तर त्या एकट्या पायाची टाच उचलून चवड्यावर उभं राहता आलं नसतं, पळणं तर दूरच. पण उद्याच तुमच्या डॉक्टरांना ही तारखांची गोष्ट सांगा, फाइलमध्ये नोंद करायला लावा म्हणजे पुढे या गटाचं औषध देण्याआधी विचार होईल, आणि नसेची सोनोग्राफी करून घ्या. कोणी तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं तर घेऊ नका.

रिपोर्टमध्ये फाटलेलं नसेल आणि डॉक्टर हो म्हणाले तरच व्यायाम. जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवायचे, टाच हवेत, दोन्ही पायांवर वर जायचं आणि फक्त दुखऱ्या पायावर हळूऽऽ खाली यायचं. १५ चे ३ सेट गुडघा सरळ, १५ चे ३ गुडघा किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. तुमच्या केसमध्ये सुरुवात अर्ध्यानेच आणि तीही दोन्ही पायांवर. दहापैकी ४-५ पर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको. १२ आठवडे आणि तुमची मॅरेथॉन आठवर, म्हणजे यंदा नाही. मला माहितीये हे ऐकायला किती जड जातं.

आणि गुरुवार फालतू नाहीये. तीन तास टाच वरखाली म्हणजे हजारो वेळा पोटरीचं काम, बसून असलं तरी. ताल डाव्या पायाने धरा, उजवा पाय पूर्ण टेकवून ठेवा.

सूरवेडा

मी पळत नाही, पण तबला वाजवतो, ठाण्यात. काका, आयरिश चालींच्या प्रकारांत रील म्हणजे आपला केरवा (आठ मात्रा) आणि जिग म्हणजे दादरा (सहा मात्रा) असं धरलं तर चालेल का? आणि स्लिप जिगमध्ये नऊ मोजतात ते मला बसतच नाही. दुसरं, व्हिसल शिकायची तर कोणती घ्यायची?

सातारकर_डब्लिन

सगळ्यांना. सोनोग्राफी झाली, फाटलेलं नाही, नस जाड झालीय आणि आत सुजेच्या खुणा आहेत. डॉक्टरांनी गोळ्यांची नोंद केली, व्यायामाला हो म्हणाले. यंदाची मॅरेथॉन सोडली. बिबचा ईमेल उघडून बराच वेळ बसलो होतो. ३५ किलोमीटरच्या आसपास रोबकचा चढ लागतो, इथले लोक त्याला हार्टब्रेक हिल म्हणतात, तिथे दरवर्षी लहान पोरं संत्र्याच्या फोडी घेऊन उभी असतात, हात आपोआप पुढे जातो. ते आठवलं.

ताई, डाव्या पायाने ताल धरून बघितला काल. पहिल्या तासात दोनदा चाल सुटली, शेजारच्या कॉन्सर्टिनावाल्या (हातात धरून वाजवायची छोटी पेटी) बाईंनी विचारलं काय झालं, सांगितलं, तर त्यांनी न बोलता आपली खुर्ची सरकवली आणि त्यांचा पाय माझ्या पायाशेजारी आणून ठेवला, म्हणजे मला बघता यावा. आज शुक्रवार आणि जिना सरळ उतरलो, दुखलं पण सरळ उतरलो.

सूरवेडा, रीलला केरवा, जिगला दादरा, ऐकायला सुरुवात करायला चांगलंय, पण वजन वेगळं पडतं, फूटपट्टीने मोजू नका, ऐकून घ्या. स्लिप जिगचे नऊ म्हणजे तीनचे तीन झुलते झोके, नऊ मोजलेत की अडकाल. व्हिसल डी कीची (डी पट्टीतली) घ्या, पितळी किंवा निकेलची, साधी स्वस्तातली चालते, सहा भोकं असतात. पहिल्या महिन्यात वरच्या सप्तकात किंचाळते, फुंकर जरा जोरात आणि सलग लागते तिथे, घाबरून फुंकर कमी केली की आणखी किंचाळते.