सणाचं ताट आणि सकाळची सायकल : इंदूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

सुदामानगर (धागा मीच काढतोय)

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या रविवारच्या सायकलवाल्यांत दुसरा विषय नसतो. फराळाला काय काय झालं, आणि नरकचतुर्दशीला निघायचं की नाही! परवा महूच्या रस्त्यावर चहाला थांबलो होतो. एक जण म्हणाला, "दोन लाडू खाल्ले की दुसऱ्या दिवशी वीस किलोमीटर जास्त, हिशोब साफ." मला ते अजिबात पटलं नाही. घरच्यांनी चार दिवस ओट्याशी उभं राहून केलेलं खाणं हा काही दंड नव्हे, पेडल मारून फेडायला. म्हणून हा धागा. सणावारी कसं खाता, कधी निघता, घरचं कसं सांभाळता, रोजच्या धावपळीत सायकल कुठे बसवता, ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात. बरीच वर्षं मी नरकचतुर्दशीलाही पहाटे पाचला निघायचो आणि आठला परतायचो. आई एका शब्दाने बोलायची नाही. पण न्हाणीघरापाशी पाट मांडलेला असायचा, भोवतीची रांगोळी पुसट झालेली, आणि वाटीतलं उटणं वाळून कडेला चिकटलेलं. एका वर्षी तिने त्यात पुन्हा तेल घालून बोटाने ते कालवलं, ते मी दारातून पाहिलं. त्यानंतर कधी गेलो नाही. आता पाचला अभ्यंगस्नान, मग फराळ, आणि उजाडल्यावर सात वाजता सायकल. लांब जायचंच नाही. राजवाड्याकडून जुन्या गल्ल्यांतून हळूहळू बारा-पंधरा किलोमीटर. दारोदारच्या रांगोळ्यांना चाक लागू नये म्हणून अरुंद गल्लीत उतरून चालतो. वर्षातली सगळ्यात संथ सायकल असते ती, आणि मला सगळ्यात आवडती.

रामबाग

दादा, धागा चांगला काढलात. बायकांची बाजू मी सांगते.

माझी नोकरी बँकेत. पावणेपाचला उठते, सव्वापाचला बाहेर. विमानतळाच्या रस्त्याने सुपर कॉरिडॉर गाठायचा आणि पावणेसातला घरात. मग डबे. सणाच्या दिवशी हे सगळं कोसळायचं, कारण नैवेद्य बाराच्या आत व्हायला हवा. होळीला पुरण म्हटलं की सायकल बंद, असं लग्नानंतर अकरा वर्षं चाललं. एकदा ह्यांनाच सांगितलं की पुरणयंत्र तुम्ही फिरवा. डाळ मी रात्री भिजवून ठेवते, सकाळी मी बाहेर असताना हे कुकर लावतात, कट बाजूला काढतात, गूळ घालून आटवतात, गरम असतानाच वाटतात. मी आले की पोळ्या आणि कटाची आमटी. पहिल्या वर्षी पुरण सैल झालं होतं, पोळ्या फुटल्या. आता हे कढईत उलथनं उभं करून बघतात, ते पडलं नाही तरच गॅस बंद करतात. स्वयंपाकघरातला एक माणूस वाढला की सायकलला वेळ निघतो, दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

आता नवरात्राचं. उपवास नऊही दिवस, आणि सायकल सोडवत नाही. तीन वर्षांपूर्वी पाचव्या माळेला रालामंडलच्या बाजूच्या चढावर डोळ्यांपुढे काळोखी आली. हात थरथरायला लागले, घाम गार. उतरून रस्त्याच्या कडेला बसले. शरीरात साठवलेली साखर जोरात सायकल चालवली की दीड-दोन तासांत संपत येते, आणि मी आदल्या दुपारपासून चहावर होते. तेव्हापासून निघताना एक केळं, खिशात राजगिऱ्याचे दोन लाडू, बाटलीत लिंबू-साखर-सैंधवाचं पाणी. तासाच्या वरची सायकल असेल तर दर तासाला तीस-चाळीस ग्रॅम तरी कर्बोदकं, म्हणजे पिठूळ-गोड, पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यातून साधारण पंचवीस मिळतात. हे सगळं उपवासाला चालतं, देवीला चालतं. उपाशीपोटी घाट चढण्यात भक्ती नाही, मैत्रिणींनो.

टिळकनगर

माझं थोडक्यात. रविवारी परतताना ठेल्यावर पोहे-जिलेबी. खाली उकळतं पाणी, त्यावर पोह्यांचं पातेलं, म्हणून नऊ वाजताही मऊ. फोडणीत बडीशेप, वरून जीरावन (इकडचा चटपटीत मसाला), शेव, कांदा, लिंबू. आईच्या पोह्यांत शेंगदाणे, कढीपत्ता, ओलं खोबरं. दोन्ही वेगळे पदार्थ आहेत, तुलना करूच नये. सणाच्या दिवशी मात्र ठेल्यावर थांबत नाही, घरचे वाट बघतात.

परदेशीपुरा, वय ६७

तुम्हा लोकांचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे सायकल हौस नव्हती, पोट होतं.

वडील कापड मिलमध्ये होते. तेव्हा भोंगा झाला की परदेशीपुऱ्यातून, नंदानगरातून, मालवा मिलच्या बाजूने सायकलीच सायकली निघत. घंटीचा आवाज एकात एक मिसळून जाई. वडिलांची चोवीस इंची काळी सायकल, दांड्याचे ब्रेक, मागे कॅरियर, हँडलला चार खणांचा डबा. मी लहान होतो तेव्हा पुढच्या दांडीला पंचा गुंडाळून मला त्यावर बसवत. दांडी तरी टोचायचीच, पण मान वळवली की त्यांच्या सदऱ्याला सुताचा आणि तेलाचा वास येई. तो अजून नाकात आहे.

सणाचा डबा वेगळा असे. खात्यात सगळीकडची माणसं. उत्तर प्रदेशातली, राजस्थानातली, खानदेशातली, आपली कोकणातलीसुद्धा. दिवाळीला आई तीन खणांत कडबोळी, अनारसे आणि शंकरपाळे भरायची आणि चौथा मुद्दाम रिकामा ठेवायची. संध्याकाळी तो भरून यायचा. होळीला त्यात गुजिया असत. आम्ही भावंडं सायकलची घंटी ऐकली की दारात. वडील अजून एक पाय पेडलवर असताना मी डबा हँडलवरून काढलेला असे, आणि हाताला तो कोमट लागायचा.

अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, रात्रभर निघत. कामगार महिना महिना खपून त्या उभ्या करत. वडील सायकल चुलत्यांकडे लावून आम्हाला खांद्यावर घेऊन उभे राहत. मिल १९९१ साली बंद पडली. वडील पुढे एका किराणा दुकानाचा माल त्याच सायकलवर पोहोचवत होते, गुडघे साथ देत होते तोवर. आता सायकल माझ्याकडे आहे. चेनला दर पंधरा दिवसांनी तेल देतो, रिम पुसतो. दर अनंत चतुर्दशीला संध्याकाळी त्याच सायकलवर झांक्या बघायला जातो. डबाही नेतो. चौथा खण रिकामा.

विजयनगर

काकांचं वाचून काही सुचेना. तरी एक काळजीची गोष्ट लिहितो, संक्रांत फार लांब नाही.

मागच्या संक्रांतीला सकाळी दहाच्या सुमारास परतत होतो. तिळगूळ घ्यायला आत्याकडे जायचं म्हणून घाई. एका चौकात गळ्याला काहीतरी चावल्यासारखं झालं. नायलॉनचा मांजा. मानेभोवती कापडी पट्टा होता, तो अर्धा कापला गेला आणि मांजा हनुवटीखाली रुतला. तीन टाके पडले. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ सालीच देशभर बंदी घातली आहे, तरी गल्लीबोळात त्याच्या चकऱ्या (फिरक्या) मिळतात. संक्रांतीच्या आधीचे आणि नंतरचे आठ दिवस गळ्याला जाड रुमाल बांधा, वेग कमी ठेवा. आणि घरच्या मुलांच्या हातातली चकरी तपासा. हे सर्वांत महत्त्वाचं.

मनोरमागंज

मला अकरा वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या आणि इन्सुलिन दोन्ही. धागा काढणाऱ्यांनी हिशोबाबद्दल लिहिलं, त्याला जोडून सांगतो. पाडव्याला श्रीखंड खाल्लं म्हणून संध्याकाळी दोन तास सायकल दामटली. रात्री दोनला साखर इतकी उतरली की मुलाने उठवून ग्लुकोज पाजलं. व्यायामाचा परिणाम पुढे कित्येक तास टिकतो, हे तेव्हा उमगलं. आता निघण्यापूर्वी साखर बघतो, खिशात ग्लुकोजची पुडी. कमी वाटली तर पंधरा ग्रॅम, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. औषधाचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच. श्रीखंड दोन चमचे खातो, चव घेत.

अन्नपूर्णा रोड

बाफल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही! श्रावणात आम्ही जानापावला जातो. चंबळचा उगम तिथलाच, ढग अगदी डोक्यावर. महूजवळ मित्राचं शेत आहे. कणकेचे गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकळायचे, वर तरंगले की निथळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे. चीर पडली की फोडून तुपात. एका वर्षी पाऊस थांबेना म्हणून आधी जेवलो आणि मग टेकडी चढलो. तूप पोटात बराच वेळ राहतं, अर्ध्या चढावर तिघे जण सायकल ढकलत होते. आता चढ आधी, बाफले नंतर, आणि मग शेतावरच दोन तास आडवे.

भंवरकुआँ

मी बुरहानपूरचा, इथे परीक्षेच्या तयारीसाठी खोलीवर राहतो. जुनी सायकल घेतली, सकाळी तासभर चालवतो, नाहीतर दिवसभर टेबलापाशी. दिवाळीनंतर लगेच पेपर आहे, यंदा घरी जाणार नाही. मेस चार दिवस बंद. आमच्याकडे दिवाळीला मावा-जिलेबी असते, ती आठवतेय. बाकी ठीक.

रामबाग

बाळा, पाडव्याला सकाळी साडेआठला ये. पत्ता दादांकडून घे. सायकल आत अंगणात लाव, बाहेर फटाके असतात. ह्यांनी पुरणयंत्र काढून ठेवलंय.

परदेशीपुरा, वय ६७

भाऊबीजेला आमच्याकडे. येताना रिकामा डबा आण.