मदत हवी आहे: गुठळीतल्या थ्रोम्बिनला हेपरिन का आवरत नाही?

नमस्कार,

रक्त गोठण्याच्या जीवरसायनशास्त्रात काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा. माझा प्रबंध थ्रोम्बिनच्या (रक्त गोठवणाऱ्या एन्झाइमच्या) इनहिबिटरांवर, म्हणजे त्याला थांबवणाऱ्या रेणूंवर आहे आणि एका निरीक्षणाचं कारण काही केल्या लागत नाहीये.

प्रयोग साधा आहे. शुद्ध फायब्रिनोजेनमध्ये (थ्रोम्बिन याचंच फायब्रिन, म्हणजे गुठळीचं जाळं बनवतं) कॅल्शियम आणि थ्रोम्बिन घालून गुठळ्या करते, त्या बफरने धुते आणि क्रोमोजेनिक सबस्ट्रेटमध्ये सोडते. थ्रोम्बिन काम करत असेल तर सबस्ट्रेट तुटून पिवळा रंग येतो, तो ४०५ नॅनोमीटरला मोजायचा. शेजारच्या नळीत गुठळी नसते, तेवढ्याच ताकदीचं मोकळं थ्रोम्बिन असतं.

अँटीथ्रोम्बिन (थ्रोम्बिनला पकडणारं रक्तातलं प्रथिन) आणि हेपरिन (त्याचा वेग वाढवणारं, शर्करा-साखळ्यांचं औषध) घातलं की मोकळ्या थ्रोम्बिनची नळी रंगहीन राहते. गुठळीच्या नळीत मात्र आधी गुठळीभोवती पिवळट वलय दिसतं आणि नळी हलवली की सगळं द्रावण पिवळं होतं. हेपरिन वाढवलं तरी फारसा फरक नाही. हिरुडिनने (थ्रोम्बिनला थेट रोखणारं जळवेतलं प्रथिन) गुठळीतलं थ्रोम्बिनही थांबतं, पण मोकळ्यापेक्षा जास्त मात्रा लागते. अर्गाट्रोबान या थेट रोखणाऱ्या लहान औषधाची मात्रा दोन्हीकडे जवळपास सारखीच पुरते.

गुठळीला बांधलेलं थ्रोम्बिन हेपरिन-अँटीथ्रोम्बिनच्या तावडीतून सुटतं, हे १९९० च्या सुमारासच दाखवून झालंय. त्यामुळे निरीक्षणाबद्दल शंका नाही, कारणाबद्दल आहे. आमच्या गटात दोन मतं आहेत.

पहिलं मत आकाराचं. अँटीथ्रोम्बिन ५८ किलोडाल्टनचं, हिरुडिन साधारण ७ चं, अर्गाट्रोबान जेमतेम अर्ध्या किलोडाल्टनचं. माझ्या आकड्यांचा क्रमही नेमका तसाच लागतो, म्हणजे मोठा रेणू जाळ्यात शिरत नाही आणि लहान शिरतो. हे मत खोडून काढायला माझ्याकडे काहीच नाही आणि तेच मला सलतंय.

दुसरं मत बंधाचं, आणि माझा कल तिकडे आहे. थ्रोम्बिनच्या अ‍ॅक्टिव्ह साइटच्या (कापण्याच्या खाचेच्या) दोन बाजूंना धनभारित भाग आहेत, एक्सोसाइट १ आणि एक्सोसाइट २. फायब्रिन १ ला धरतं, हेपरिन २ ला. प्रत्यक्ष कापणारी सेरीन-१९५ उघडीच असते, म्हणून तर गुठळीतलं थ्रोम्बिन सबस्ट्रेट तोडतं. हिरुडिनचं कोडं यातून सुटतं: त्याची शेपटी एक्सोसाइट १ वर बसते, तिथे आधीच फायब्रिन आहे, म्हणून मात्रा जास्त. पण हेपरिनला हवी ती एक्सोसाइट २ तर मोकळी आहे ना? मग हेपरिनला धरून येणाऱ्या अँटीथ्रोम्बिनला अडवतं कोण? इथेच घोडं अडलंय.

आकार आणि बंध यांचा परिणाम वेगळा करून दाखवणारा कंट्रोल कुणी सुचवेल का?

प्रतिसाद १

ताई, तुमचा कल बरोबर आहे. फक्त तुम्ही दोनच बंध धरलेत आणि तिसरा राहिलाय: हेपरिन फायब्रिनलाही चिकटतं.

आता तिन्ही एकत्र बघा. थ्रोम्बिन फायब्रिनला धरतं एक्सोसाइट १ ने, हेपरिनला धरतं २ ने, आणि त्याच हेपरिनचं दुसरं टोक फायब्रिनवर असतं. या त्रिकुटात थ्रोम्बिनची पकड एकेकट्या बंधापेक्षा कितीतरी घट्ट होते. म्हणजे एक्सोसाइट २ मोकळी नाहीच, फायब्रिनवर बसलेल्या हेपरिनने ती आधीच घेतलेली आहे. अँटीथ्रोम्बिन घेऊन दुसरी हेपरिन साखळी आली तरी तिला थ्रोम्बिनवर टेकायला जागा मिळत नाही.

हेपरिन वाढवून फरक का पडत नाही, तेही यातच आहे. साध्या हेपरिनमध्ये अँटीथ्रोम्बिनला धरणारा पेंटासॅकराइडचा (पाच शर्करांचा) तुकडा साधारण एक तृतीयांश साखळ्यांवरच असतो. उरलेल्या साखळ्या अँटीथ्रोम्बिनच्या दृष्टीने निरुपयोगी, पण थ्रोम्बिनला फायब्रिनशी जखडायला त्या उत्तम चालतात. तुम्ही मात्रा वाढवता तेव्हा त्याही वाढतात.

आता कंट्रोल. जाळंच काढून टाका. ग्लायसीन-प्रोलीन-आर्जिनीन-प्रोलीन हा पेप्टाइड घातला की फायब्रिन मोनोमर (फायब्रिनचे सुटे रेणू) एकमेकांना जोडले जात नाहीत आणि फायब्रिन विरघळलेलं राहतं. अशा द्रावणात शिरण्या-न शिरण्याचा प्रश्नच येत नाही. तिथेही थ्रोम्बिन हेपरिन-अँटीथ्रोम्बिनला दाद देत नसेल तर आकाराचं मत निकालात निघालं. फायब्रिन मोनोमर असं संरक्षण देतं हे हॉग आणि जॅक्सन यांनी १९८९ मध्ये दाखवलंय, त्यामुळे निकाल काय येईल याची मला तरी शंका नाही. पण तुमच्याच अभिकारकांवर तो आलेला असला पाहिजे, परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

जमलं तर गॅमा-थ्रोम्बिनही वापरा. त्याची एक्सोसाइट १ मोडलेली असते, लहान सबस्ट्रेट मात्र ते तोडतं. फायब्रिनच्या सान्निध्यातही ते हेपरिन-अँटीथ्रोम्बिनने थांबलं, तर बंधाचं मत आणखी पक्कं होईल.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. माझे मुद्दे कामाच्या टेबलावरचे आहेत.

गुठळ्या किती वेळ धुता ते लिहिलेलं नाही. फायब्रिनवर थ्रोम्बिनसाठी दोन प्रकारच्या जागा आहेत. मधल्या भागातली पकड सैल असते. काही फायब्रिनोजेन रेणूंमध्ये गॅमा साखळीचा गॅमा-प्राइम हा प्रकार असतो, तिथली पकड घट्ट असते आणि ती एक्सोसाइट २ ने होते. म्हणजे गॅमा-प्राइम असलेल्या फायब्रिनवर हेपरिन नसतानाही दोन्ही एक्सोसाइट गुंतू शकतात! जास्त धुतलंत तर सैल थ्रोम्बिन निघून जातं आणि उरलेल्यात गॅमा-प्राइमवालं जास्त राहतं. कमी धुतलंत तर सैल थ्रोम्बिन द्रावणात झिरपतं, तिथे ते मोकळं असतं आणि हेपरिन त्याला गाठतं. दोन्हीमुळे आकडे सरकतात. म्हणून शेवटच्या धुण्याचं पाणी सबस्ट्रेट घालून तपासाच. बफरमधलं मीठही दर वेळी सारखं ठेवा, ते वाढलं की एक्सोसाइटचे बंध सुटतात.

अर्गाट्रोबानबद्दल एक सावधगिरी. ते अ‍ॅक्टिव्ह साइटमध्ये बसतं, पण परिणाम तिथेच थांबत नाही. अर्गाट्रोबान बसलेलं थ्रोम्बिन फायब्रिनला जास्त घट्ट धरतं आणि डॅबिगाट्रान बसलेलं कमी, असं सरफेस प्लाझमॉन रेझोनन्सने (रेणूंची पकड मोजण्याच्या पद्धतीने) दिसलंय. दोन्ही औषधं एकाच खाचेत बसतात आणि दूरच्या एक्सोसाइटवर उलट परिणाम करतात, मला हे थ्रोम्बिनबद्दलचं सगळ्यात विलक्षण सत्य वाटतं. तुमच्या प्रबंधात दोन्ही शेजारी शेजारी ठेवा, नुसतं ‘लहान रेणू’ म्हणून एका रकान्यात टाकू नका.

आणि मोजताना गुठळी बाजूला काढून फक्त द्रावण क्युव्हेटमध्ये घ्या. गुठळीचा गढूळपणा ४०५ ला रंगासारखाच वाचला जातो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तिसरा बंध लक्षात घेतल्यावर हेपरिनच्या मात्रेचा आलेख पहिल्यांदाच समजतोय. पेप्टाइड मागवते. धुण्याचं पाणीही तपासेन.

एकच पुढची शंका: नुसता पेंटासॅकराइड, म्हणजे फोंडापॅरिनक्स, वापरला तर? तो एवढा लहान आहे की थ्रोम्बिनला फायब्रिनशी जखडू शकणार नाही. मग गुठळीतलं थ्रोम्बिन अँटीथ्रोम्बिनच्या हाती लागायला हवं ना?

प्रतिसाद १

नाही लागणार, कारण त्याच्या मदतीने मोकळं थ्रोम्बिनही हाती लागत नाही. फोंडापॅरिनक्समुळे अँटीथ्रोम्बिनचा आकार बदलतो आणि ते फॅक्टर दहा-एला (रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या एका एन्झाइमला) झपाट्याने पकडतं, पण थ्रोम्बिनसाठी तेवढं पुरत नाही. तिथे अँटीथ्रोम्बिन आणि थ्रोम्बिन दोघांनाही एकाच साखळीवर आणावं लागतं आणि त्यासाठी किमान १८ शर्करा-एककांची लांबी लागते. तुमच्या दोन्ही नळ्या पिवळ्या होतील.

तुम्हाला जे तपासायचंय त्यासाठी हेपरिन पूर्ण वगळा, नुसतं अँटीथ्रोम्बिन घ्या आणि बराच वेळ ठेवा. हेपरिनशिवाय वेग हजारपट कमी असतो, पण जखडणारी साखळीही नसते. त्या संथ वेगात गुठळीतलं आणि मोकळं थ्रोम्बिन यांच्यातली दरी हेपरिनच्या तुलनेत किती कमी होते ते बघा. आकडे आले की याच धाग्यावर टाका.