‘हूल’ फुकट असते का?

पेठेतली : पोकरच्या एका व्हिडिओला मराठी सबटायटलं करतेय. नो-लिमिट कॅश गेम, म्हणजे खऱ्या पैशांचा, समोरचे सगळे पैसे कधीही लावता येतील असा डाव, ऑनलाइन. अडलंय ‘व्हॅल्यू बेट’पाशी. आपली पानं भारी, समोरच्यानं हलक्या पानांवर पैसे भरावेत म्हणून लावलेली रक्कम. ‘ब्लफ’ याच्या उलट, त्यानं पानं टाकून द्यावीत म्हणून. ब्लफला ‘हूल’ केलंय, ते बसलं. पहिल्याला काय म्हणू?

तालमीतला : हूल नाही बसत ताई. हूल फुकट असते. पैलवान हात पुढं करतो, समोरचा दचकला की मागं घेतो. पोकरमध्ये मधे सगळ्यांचे मिळून 1000 जमलेले असताना 500 लावले की ते परत घेता येत नाहीत. तीनदा ब्लफ केला आणि दोनदा 500 गेले, तर एकदा तरी समोरच्यानं पानं टाकून ते 1000 मिळाले पाहिजेत, तेव्हा कुठं बरोबरी. हुलीला असला हिशोब कुठं असतो?

करवीरकर : हूल म्हणजे मुळात खोटी आवई. ‘हूल उठली’ म्हणतात ना? कुस्तीत गेली ती नंतर.

तालमीतला : नंतर गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं?

शुद्धमराठी : प्रश्न व्हॅल्यू बेटचा होता. ‘मूल्य-पैज’ म्हणा.

पेठेतली : सबटायटलमध्ये ‘मूल्य-पैज’ वाचून लोक व्हिडिओ बंद करतील हो.

तीनपानी : आणि पैज कशी? पैजेत दोघं आधी बोलून अट ठरवतात. पत्त्यांत पैसे लावतात, चाल देतात. आमच्याकडं गोकुळाष्टमीच्या जागरणाला मामा ‘चाल’च म्हणायचे. हातात तीन एक्के असले की हळूच बारकी चाल द्यायचे, वर कुरकुरायचे, “काय पानं आलीत रे!” सगळे भरत बसायचे. पहाटे मामी विचारायची, “झाली का वसुली?” तर ‘वसुलीची चाल’ करा.

पेठेतली : वसुलीची चाल! हे आवडलं.

शुद्धमराठी : वसूल अरबी आहे.

तीनपानी : मग पत्त्यातला गुलाम कुठला, ज्योतिबाच्या डोंगरावरचा?

करवीरकर : ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा झाला, पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. आता हे भाषांतर कुणासाठी?

पेठेतली : गणितासाठी. मधे 1000, समोरच्यानं 500 लावले, तर मला 500 भरून एकूण 2000 मिळायची आशा. म्हणजे शंभरात पंचवीसदा जिंकले तरी बरोबरी. हे शिकवायला कायदा आड येत नाही.

निवृत्त-वस्ताद : तालमीतल्या भावा, हूल फुकट असते असं कुठल्या वस्तादानं शिकवलं तुला? हात पुढं गेला की वजन पुढच्या पायावर येतं. समोरचा दचकला नाही तर त्याच पायावर एकेरी पट बसतो, म्हणजे तो एक पाय धरून पाडतो. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात मी स्वतः असा पाठीवर पडलोय. माती खायचा हिशोब असतो तिथं.

तालमीतला : वस्ताद, तो हूल देण्यातला कच्चेपणा. चांगली हूल खांद्यानं द्यायची, पाय हलवायचा नाही.

निवृत्त-वस्ताद : पाय न हलवता दिलेल्या हुलीला कोण भुलतंय? शाळकरी पोरगंसुद्धा नाही.

करवीरकर : कबड्डीत मात्र हूल पायानंच देतात.

पेठेतली : ‘वसुलीची चाल’ ठेवू का मग?

शुद्धमराठी : चाल घोड्याची असते. आणि किलवर हा शब्द तरी कुठं आपला, डच लोक त्या पानाला क्लावर म्हणतात.

तीनपानी : आमचे मामा त्याला ‘किल्लावर’ म्हणायचे. पन्हाळ्याचे होते.